एलईडी ग्रो लाइट किती टिकतो, कधी मंदावतो? सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोलीत मायक्रोग्रीन्स (ट्रेमधली इवलीशी कोवळी पालेभाजी) घेणारे, टिश्यू कल्चरची (बाटलीत रोपं तयार करण्याची) छोटी लॅब चालवणारे, रोपवाटिकावाले आणि हिवाळ्यात ड्रॅगनफ्रूटला रात्री दिवे लावणारे शेतकरी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कोणत्याही कंपनीची शिफारस यात नाही. ग्रो लाइट, म्हणजे झाडं वाढवायचा दिवा, इथल्या उन्हाळ्यात, इथल्या धुळीत आणि इथल्या विजेवर चालवायचा आहे, हे धरूनच उत्तरं दिली आहेत. खोक्यावरचे आकडे तसं धरत नाहीत.

सोलापुरात ऊन पैशाला पासरी. इथं ग्रो लाइट लागतातच कशाला?

उघड्यावर पीक असेल तर लागत नाहीत. भर दुपारच्या उन्हात जेवढा प्रकाश झाडाला फुकट मिळतो, तेवढा दिव्यांनी द्यायचा म्हटलं तर वीजबिलाने दिवाळं निघेल. पण ते ऊन एकटं येत नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि कोवळी पालेभाजी उघड्यावर करपते. म्हणून लोक खोलीत शिरतात, आणि खोलीत शिरलं की ऊन बाहेर राहतं. टिश्यू कल्चरच्या बाटल्यांना तर बंद, निर्जंतुक खोलीच लागते. ड्रॅगनफ्रूट आणि शेवंतीला दिवा वेगळ्या कारणासाठी लावतात, ते पुढे येईलच.

खोक्यावर '५०,००० तास' लिहिलंय. तेवढे तास दिवा चालणार ना?

चालेल की नाही, याबद्दल तो आकडा काही बोलतच नाही. एलईडी जुन्या बल्बसारखा फट्‌कन उडत नाही, हळूहळू मंदावतो. त्यामुळे 'आयुष्य संपलं' कधी म्हणायचं, हे माणसांनी ठरवून घेतलं आहे. बहुतेक ठिकाणी ती रेघ सुरुवातीच्या प्रकाशाच्या ७० टक्क्यांवर मारलेली असते, तिला एल७० म्हणतात. म्हणजे ५०,००० तासांनी दिवा लागलेला असेल, पण प्रकाश तीस टक्के कमी. काही कंपन्या एल८० किंवा एल९० देतात. त्यात तासांचा आकडा लहान दिसतो, पण वचन जास्त कडक असतं. एकाच्या खोक्यावर '५०,००० तास, एल७०' आणि दुसऱ्याच्या खोक्यावर '३६,००० तास, ९० टक्के' असेल, तर दुसरा दिवा हलका समजू नका. झाडांच्या दिव्यांसाठी ९० टक्क्यांचीच रेघ जास्त कामाची. अमेरिकेतली डिझाइनलाइट्स कन्सॉर्शियम ही संस्था बागायती दिव्यांना मान्यता देताना ३६,००० तासांनंतर निदान ९० टक्के प्रकाश उरला पाहिजे, अशी अट घालते.

नुसतेच '५०,००० तास' असतील आणि पुढे एल काही नसेल, तर तो आकडा वाचला नाही असं समजा.

हे तास वर्षांत किती होतात?

रोज १६ तास दिवा लावला तर ५०,००० तासांना साडेआठ वर्षं लागतात, १२ तास लावला तर सव्वाअकरा वर्षांच्या वर. ३६,००० तास १६ तासांच्या हिशेबाने सहा वर्षं आणि वर दोन-एक महिने.

एवढी वर्षं दिवा जाळून कोणी बघितलाय का?

नाही. एलईडीची चिप (प्रत्यक्ष प्रकाश देणारा बारीक तुकडा) निदान ६,००० तास, म्हणजे सलग २५० दिवस, प्रयोगशाळेत चालवतात आणि मधून मधून प्रकाश मोजतात. ही चाचणी एलएम-८०. त्या मोजमापांवरून पुढची रेघ कशी ओढायची, याची रीत टीएम-२१ मध्ये सांगितली आहे, आणि त्यात लगामही आहे. चाचणी जेवढे तास झाली, त्याच्या जास्तीत जास्त सहापटच दावा करायचा, तोही पुरेसे नमुने तपासले असतील तर. म्हणजे ६,००० तासांच्या चाचणीवर ३६,००० तासांपुढे बोलता येत नाही. ६०,००० म्हणायचं तर १०,००० तासांची चाचणी दाखवायला हवी. '१,००,००० तास' असं ठळक छापलेलं दिसलं की विक्रेत्याकडे एलएम-८० अहवाल मागा. बहुतेक वेळा बोलणं तिथेच थांबतं.

आणखी एक गोम आहे. ही चाचणी चिपची असते, तुमच्या अख्ख्या दिव्याची नाही. चिप ठराविक तापमानाला, म्हणजे ५५, ८५ अशा अंशांना बांधून ठेवलेली असते. तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती किती तापते, हे त्या अहवालाला ठाऊक नसतं. चांगली चिप फालतू पत्र्यावर बसवली, तर अहवाल खरा आणि दिवा खोटा, असं सहज होतं.

आमचा दिवा तीन वर्षांनीही पहिल्यासारखाच लख्ख दिसतो. मग मंदावला कशावरून म्हणता?

डोळ्यावर विसंबू नका. बुबुळ लहान-मोठं होतं, मेंदू सावरून घेतो, आणि रोज थोडा थोडा कमी होणारा प्रकाश आपल्या लक्षात येत नाही. एल७० ची रेघही माणसाच्या याच सवयीवरून ठरली. दिवाणखान्यातला प्रकाश हळूहळू तीस टक्के उतरला तरी सहसा कोणी तक्रार करत नाही. झाड मात्र एकेका कणाचा हिशेब ठेवतं. खोलीत आधीच जेमतेम प्रकाशावर वाढवलेल्या पिकात, प्रकाश दहा टक्के घटला की वाढही साधारण त्याच प्रमाणात घटते. मायक्रोग्रीन्सचा ट्रे दहा दिवसांऐवजी बारा दिवसांनी तयार होतो, देठ लांबुडके आणि पिवळट निघतात. मालक बियाण्याला शिव्या देतो, बी बदलून बघतो. दिवा वर टांगलेला असतो, त्याच्यावर संशय सगळ्यात शेवटी जातो.

उलटही घडतं. उन्हाळ्यात खोली ३६-३८ अंशांवर गेली, बोअरचं जड पाणी तसंच घातलं, मुळं कुजली, आणि दोष दिव्याला दिला. म्हणून मोजल्याशिवाय कोणालाच आरोपी करू नये.

दिव्याच्या आत नक्की काय झिजतं?

बरंच काही, आणि एकाच वेगाने नाही. चिपच्या स्फटिकात बारीक दोष असतात. उष्णता आणि करंट यांनी ते वाढत जातात, मग विजेचा काही भाग प्रकाश न होता नुसती उष्णता होऊन जातो. पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळट फॉस्फरचा थर. तो थर तापून कमजोर होतो. वरचा पारदर्शक लेप आणि चिपभोवतीची प्लास्टिकची पांढरी वाटी उष्णतेने पिवळी, मग तपकिरी पडते. चिप आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यामध्ये लावलेली थर्मल पेस्ट सुकली की उष्णता बाहेर पडेनाशी होते आणि वरच्या सगळ्या बिघाडांना जोर चढतो. डाखाच्या जोडांना रोजच्या तापण्या-निवण्याने भेगा जातात.

यातून प्रकाश कमी होतोच, पण त्याचा रंगही सरकतो. लाल आणि निळी चिप वेगवेगळ्या द्रव्यांची बनते आणि वेगवेगळ्या वेगाने म्हातारी होते. चार वर्षांच्या दिव्यात लाल-निळ्याचं प्रमाण पहिल्या दिवसासारखं राहिलेलं नसतं.

गंधकामुळे एलईडी काळे पडतात हे खरं का?

खरं आहे, आणि आपल्या जिल्ह्यात याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. एलईडीच्या आत प्रकाश परतवणाऱ्या भागावर चांदीचा मुलामा असतो. गंधकाची वाफ सिलिकॉनच्या लेपातून आरपार आत शिरते आणि चांदी काळी पडते, घरातली चांदीची भांडी पडतात तशीच. मुलामा काळवंडला की प्रकाश आतच जिरतो आणि पुसून तो परत येत नाही.

डाळिंब, द्राक्ष, बोर या पिकांवर भुरीसाठी गंधक मारतात. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. गंधकाची पोती ज्या शेडमध्ये ठेवली, त्याच शेडच्या एका कोपऱ्यात रोपांचे रॅक आणि दिवे, असं चित्र शेतावर सर्रास दिसतं. पोती दुसरीकडे हलवा. पॉलिहाउसमध्ये गंधक तापवून वाफ देण्याची पद्धत असेल, तर दिवा घेताना 'गंधकरोधक' चिप आहे का हे विचारा, किंवा तो उपाय सोडा. शेणखताच्या ढिगाजवळ आणि गोबर गॅसच्या टाकीजवळही हाच धोका, कारण तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो.

दिवा बंद करून भिंगातून एकेक दाणा, म्हणजे चिपचा एकेक ठिपका, बघा. पिवळ्या ठिपक्याभोवतीची चकचकीत जागा तपकिरी किंवा काळी दिसली, तर कारण बहुधा हेच.

मे महिन्यात दिवा मंद वाटतो, डिसेंबरात पुन्हा बरा. भास होतो का?

भास नाही. मंदावणं दोन तऱ्हेचं असतं. एक तात्पुरतं: चिप तापली की त्याच क्षणी प्रकाश कमी देते आणि निवली की परत देते. ६६० नॅनोमीटरच्या लाल चिपला हे जास्त बाधतं, निळी आणि पांढरी त्या मानाने तग धरतात. दुसरं कायमचं: आधीच्या उत्तरात सांगितलेली झीज, जी परत भरून येत नाही. तात्पुरतं मंदावणं म्हणजे चिप तापल्याची खूण, आणि चिप तापत राहिली की कायमची झीज लवकर गाठते.

म्हणून वर्षातून दोन रीडिंगं घ्यावीत असं आमचं मत आहे: एक जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, आणि दुसरं ऐन मे महिन्यात. जानेवारीची तुलना गेल्या जानेवारीशीच करायची, त्यातून खरी झीज कळते. जानेवारी आणि मे यांतला फरक खोली किती तापते ते सांगतो. हा फरक मोठा असेल तर नवा दिवा घेऊन उपयोग नाही, आधी हवा खेळती करा.

उन्हाळ्यासाठी बिनखर्चाचा एक उपाय आहे, दिवे रात्री लावा. १६ तास हवे असतील तर संध्याकाळी सहा ते सकाळी दहा. दुपारी, पत्रा तापलेला असताना, झाडांना अंधार द्या. झाडाला घड्याळ कळत नाही आणि दिव्याला थंड हवा मिळते.

दिवा अचानक बंद पडला. चिप गेली की ड्रायव्हर?

पैज लावायची तर ड्रायव्हरवर, म्हणजे भिंतीतली वीज चिपला हवी तशी करून देणाऱ्या डब्यावर. चिप मंदावतात, ड्रायव्हर मरतात. ड्रायव्हरमध्ये इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतो, त्याच्या आत द्रव असतं आणि ते उष्णतेने हळूहळू सुकतं. ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. थंड खोलीत आठ वर्षं टिकला असता असा ड्रायव्हर छताच्या पत्र्याला चिकटवून २० अंश जास्त तापवला, तर या हिशेबाने दोन वर्षांवर येतो. इथल्या बऱ्याचशा बंद दिव्यांची कहाणी एवढीच असते.

ड्रायव्हरच्या डब्यावर 'टीसी' असा ठिपका छापलेला असतो. दिवा दोन-तीन तास चालल्यावर त्या ठिपक्याचं तापमान मोजा आणि लेबलवरच्या आकड्याशी ताडून बघा. 'टीए' म्हणजे भोवतालच्या हवेचं तापमान. तिथे ४० लिहिलं असेल तर मे महिन्यातल्या दुपारी आपण ती मर्यादा ओलांडतो. ड्रायव्हर दिव्यापासून सुटा असेल तर तो खोलीबाहेर, सावलीत, खाली भिंतीवर बसवा. वायर थोडी लांब लागते, पण सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच.

ड्रायव्हर बदलता येतो. जुन्याचा मिलिॲम्पियरमधला करंट आणि व्होल्टेजची मर्यादा, दोन्ही जुळले पाहिजेत. नुसते वॅट जुळवून आणलेला ड्रायव्हर चिपला जास्त करंट देऊन दिवा महिनाभर झगझगीत चालवतो आणि मग जाळतो. काही स्वस्त दिव्यांत ड्रायव्हर वेगळा नसतोच, चिपच्याच पट्टीवर सगळं जडवलेलं असतं. तो दिवा बिघडला की पट्टीच बदलावी लागते.

आमच्याकडे लाइट सारखी जाते-येते, व्होल्टेजही वर-खाली होतं. त्याने आयुष्य घटतं का?

चिपचं फारसं नाही, ड्रायव्हरचं घटतं. चालू-बंद करण्याने सीएफएल जशी लवकर जायची, तसा एलईडी जात नाही. खरा धोका लाइट येताना बसणाऱ्या झटक्याचा. आणि त्याहून मोठा धोका न्यूट्रल सैल होण्याचा किंवा तुटण्याचा. तसं झालं की सिंगल फेजच्या दिव्याला २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपासही मिळू शकतात, आणि एका रात्रीत अख्खा रॅक बंद पडतो. मेन बोर्डावर सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (विजेचा झटका अडवणारं साधन) आणि जास्त व्होल्टेजला तोडणारा रिले बसवून घ्या. अर्थिंग खरंच आहे की नुसती हिरवी वायर लोंबतेय, हे मीटर लावून तपासा.

दिवे दहा-बारा असतील तर सगळे एकदम चालू होऊ देऊ नका. ड्रायव्हर चालू होताना क्षणभर फार मोठा करंट ओढतात, एमसीबी पडतो. टाइमरनी मिनिटा-मिनिटाचं अंतर ठेवा. इन्व्हर्टरवर चालवायचे तर साइन वेव्हचाच घ्या.

प्रकाश घरच्या घरी कसा मोजायचा? लक्स मीटर चालेल का?

चालेल, पण तो काय सांगतो आणि काय नाही, हे समजून घ्या. लक्स मीटर माणसाच्या डोळ्याप्रमाणे हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला जास्त भाव देतो. झाडाला लागणारा लाल आणि निळा प्रकाश तो कमी लेखतो. झाडांसाठीचा खरा आकडा म्हणजे पीपीएफडी, दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे प्रकाशकण, मायक्रोमोलमध्ये. त्यासाठी पार मीटर लागतो आणि तो महाग असतो. पांढऱ्या एलईडीखाली लक्सला ६५ ते ७५ ने भागलं की साधारण पीपीएफडी येतो. जांभळ्या प्रकाशाच्या, लाल-निळ्या दिव्याखाली ही गोळाबेरीज अजिबात लावू नका.

आपल्याला मात्र बहुतेक वेळा नेमका आकडा नको असतो, 'पहिल्यापेक्षा किती टक्के उरला' एवढंच हवं असतं. तेवढ्यासाठी साधा लक्स मीटर पुरतो, जर दर वेळी सगळं तसंच ठेवलं तर. रात्री मोजा, म्हणजे खिडकीतला उजेड मिसळणार नाही. दिवा आधी पुसा. लावल्यावर अर्धा तास थांबा, कारण थंड दिवा जास्त प्रकाश दाखवतो. दिव्यापासूनचं अंतर पट्टीने मोजा आणि रॅकवर मार्कर पेनने नऊ खुणा करा: चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि मधोमध. नऊही ठिकाणची रीडिंगं लिहून सरासरी काढा. सोबत तारीख, खोलीचं तापमान आणि डिमर (प्रकाश कमी-जास्त करायचा खटका) कितीवर होता तेही लिहा.

पहिली नोंद दिवा नवा असतानाच व्हायला हवी. ती नसेल तर पुढच्या कुठल्याही आकड्याला आधार राहत नाही, मग 'आधीपेक्षा कमी वाटतंय' या बोलण्यावर येऊन थांबतो आपण. बिल ज्या फायलीत लावता, तिथेच हा कागद लावा.

मोबाइलच्या ॲपवर मोजलं तर?

तोच फोन, तीच जागा, तोच कोन असेल तर तुलनेपुरता अंदाज येतो. फोन बदलला की जुने आकडे निकामी. ॲपने सांगितलेल्या पीपीएफडीवर पिकाचं गणित मांडू नका.

नव्या दिव्यातले चार दाणे लागलेलेच नाहीत. खराब माल आला का?

बहुधा नाही. ७३० नॅनोमीटरचे फार-रेड दाणे डोळ्याला अगदी पुसट लाल दिसतात, इतर दाण्यांच्या झगझगाटात तर बंदच वाटतात. दिवा डिम करून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. थेट डोळे लावून बघू नका.

एक दाणा खरंच गेला, तर चालवत राहावं का?

नुसता एकच काळा आणि बाकी सगळे चालू असतील, तर तो आतून शॉर्ट झाला आहे. तो दिवा चालेल. पण एक अख्खी ओळ बंद पडली असेल तर थांबा. एका ओळीतले दाणे एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एकात खंड पडला की ओळ विझते. पट्टीवर अशा अनेक ओळी समांतर असतात आणि ड्रायव्हर ठरलेला करंट देतच राहतो. विझलेल्या ओळीचा वाटा उरलेल्या ओळींवर पडतो. चार ओळींपैकी एक गेली तर उरलेल्या तिघींवर तेहतीस टक्के जास्त भार. त्या जास्त तापतात, मग आणखी एक जाते, आणि हे सगळं पटापट घडतं. असा दिवा डिमर असेल तर लगेच खाली आणा, नसेल तर उतरवून दुरुस्तीला द्या.

पुसल्याने खरंच फरक पडतो?

पुसायच्या आधी आणि नंतर मोजून बघा, आमच्या सांगण्यावर जाऊ नका. कोरड्या वाऱ्यात इथली धूळ बंद खिडकीतूनही आत येते, आणि यंत्रमागाच्या कारखान्याला लागून खोली असेल तर सुताचे बारीक तंतू पंख्यात आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये अडकून नमद्यासारखा थर धरतात. काचेवरची धूळ प्रकाश अडवते. पात्यांमधला थर उष्णता अडवतो, आणि त्याने नुकसान जास्त होतं.

महिन्यातून एकदा दिवा बंद करून, थंड झाल्यावर, मऊ कोरड्या फडक्याने पुसा. पात्यांसाठी रंगाचा कोरडा ब्रश वापरा. फवारणीमुळे काचेवर क्षाराचे पांढरे डाग बसले असतील तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडकं फिरवा, मग साध्या ओल्या फडक्याने पुसून घ्या. काच नसून दाणे उघडेच असतील तर व्हिनेगर, स्पिरिट, थिनर यांतलं काहीही लावू नका.

मंदावलेला दिवा वीज तरी कमी खातो का?

नाही. ड्रायव्हर तेवढाच करंट देत राहतो, मीटर तसाच फिरतो. १०० वॅटचा दिवा रोज १६ तास म्हणजे वर्षाला ५८४ युनिट. प्रकाश ८० टक्क्यांवर आला, तर त्यातले ११७ युनिट वाया जातात. आपल्या बिलातला दर लावून रुपये काढा.

दिवा खाली आणला किंवा तास वाढवले, तर भरपाई होते का?

काही काळ होते. झाडाला दिवसभरात मिळालेला एकूण प्रकाश महत्त्वाचा, त्याला डीएलआय म्हणतात. पीपीएफडी गुणिले तास गुणिले ०.००३६, एवढं साधं गणित आहे. २०० मायक्रोमोल १६ तास दिले की ११.५ मोल होतात. दिवा मंदावून १६० वर आला तर तेवढ्याच ११.५ साठी २० तास लावावा लागेल. झाडाचं भागलं, पण वीज चार तासांची जास्त आणि दिव्याची झीजही. शिवाय कोथिंबीर, लेट्यूससारखी पिकं लांब दिवसांनी लवकर फुलोऱ्यावर येतात.

खाली आणला तर मधल्या झाडांना जास्त मिळतं, कडेची उपाशी राहतात. नऊ खुणांची रीडिंगं इथे पुन्हा उपयोगी पडतात.

मग बदलायचा कधी?

पिकावर ठरतं. मायक्रोग्रीन्स आणि लेट्यूसला आमच्या मते ९० टक्क्यांपर्यंत काही करू नये, ८० च्या जवळ आला की हिशेब मांडावा, ७० ची वाट बघू नये. टिश्यू कल्चरच्या बाटल्यांना मुळातच कमी प्रकाश लागतो, तिथे घाई नको. पण रॅकच्या एका कप्प्यात ४० मायक्रोमोल आणि दुसऱ्यात २५, अशी असमानता नको, कारण रोपं मागेपुढे तयार होतात.

हिशेब मांडताना दिव्याची किंमतच बघू नका. जुने बरेच दिवे एका वॅटला १.७ मायक्रोमोलच्या आसपास द्यायचे, आता २.६ देणारे सहज मिळतात. १०० वॅटचा जुना दिवा नवा असताना १७० द्यायचा, ८० टक्क्यांवर आल्यावर १३६. तेवढा प्रकाश नवा दिवा ५२ वॅटमध्ये देतो. १६ तासांनी वर्षाला २८० युनिट वाचतात. दोन-तीन वर्षांच्या वाचलेल्या विजेत नव्या दिव्याची किंमत निघत असेल, तर जुना चालू आहे म्हणून ठेवण्यात बचत नाही.

ड्रॅगनफ्रूटच्या शेतातल्या बल्बना हे सगळं लागू आहे का?

फारसं नाही. तिथे प्रकाशावर झाड पोसायचं नसतं, रात्र लहान आहे असं झाडाला भासवायचं असतं. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा होतो, आणि ड्रॅगनफ्रूटला कळी धरायला लांब दिवस लागतो. शेवंतीचं उलट. तिला लहान दिवसांत फूल येतं, म्हणून फूल लांबवायचं तर रात्री दिवा लावतात. दोन्हीकडे मंद प्रकाश पुरतो आणि दिवा वीस टक्के उतरला तरी सहसा बिघडत नाही. शेतातले बल्ब मरतात ते पाणी शिरून, विजेच्या झटक्याने आणि सैल होल्डरमुळे. होल्डर पाणी न शिरणारे घ्या आणि सुटे बल्ब हाताशी ठेवा. दोन झाडांमध्ये अंधाराचा पट्टा राहिला तर तिथे कळी चुकते, म्हणून गेलेला बल्ब त्याच आठवड्यात बदला.

नवा घेताना काय विचारू?

'१००० वॅट' असं नाव असलेला दिवा भिंतीतून प्रत्यक्षात किती वॅट ओढतो, हे आधी विचारा. पुष्कळदा तो १०० च्या आसपासच निघतो. दुकानात प्लगचा वॅटमीटर लावून दाखवायला सांगा. मग एकूण पीपीएफ (दिव्यातून दर सेकंदाला निघणारे सगळे प्रकाशकण), एलएम-८० अहवाल, टीए किती, ड्रायव्हर सुटा होतो का, त्यावर बीआयएस नोंदणीची खूण आहे का. ॲल्युमिनियमचा पत्रा हातात घेऊन वजन बघा. हलका असेल तर उष्णता जाणार कुठे? पंखा असलेला दिवा धुळीच्या जागी टाळा. पंखा बंद पडला की आतली चिप भाजते आणि बाहेरून पत्ता लागत नाही.

आणि गरजेपेक्षा २० ते २५ टक्के जास्त क्षमतेचा, डिमर असलेला दिवा घ्या. सुरुवातीला ८० टक्क्यांवर चालवा. करंट कमी, ताप कमी, झीज कमी. पुढे रीडिंग उतरेल तसा डिमर थोडा थोडा वर न्या, पिकाला तोच प्रकाश मिळत राहील. सुरुवातीला खर्च जास्त होतो हे खरं, पण इथल्या उन्हाळ्यात आम्हाला याहून चांगला मार्ग दिसत नाही.

वॉरंटीत मंदावलेला दिवा बदलून मिळतो का?

कागद वाचा. बहुतेक वॉरंटी 'दिवा बंद पडला तर' अशी असते, 'मंदावला तर' अशी नसते. प्रकाशाची हमी असेल तर ती टक्क्यांत, तासांत आणि तापमानाच्या अटीसह लिहिलेली असते. तेव्हा तुमचा तारीखवार नोंदींचा कागद कामी येतो. दिवा स्वतः उघडलात तर वॉरंटी संपते, म्हणून मुदतीत असताना ड्रायव्हरला हात लावू नका.

जुन्या ट्यूब आणि गेलेले एलईडी टाकायचे कुठे?

दोन्ही ई-कचरा. ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या फोडू नका, कचरागाडीतही टाकू नका. एलईडीत पारा नसतो, पण त्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा आणि चांगला ड्रायव्हर कामाचा असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जायला हवा. देण्याआधी चालू स्थितीतले ड्रायव्हर काढून, त्यांचा करंट आणि व्होल्टेज चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पुढच्या मे महिन्यात एखादा लागेलच.